फिका पडलेला स्फटिक

दगड गोळा करण्याचा छंद हा घरच्या माणसांस सर्वांत कमी समजणारा छंद होय. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याचे एखादे तिकीट पुढेमागे मोलाचे ठरेल अशी आशा घरातील सर्वांस असते. जुन्या नाण्यांत निदान चांदी असते. ग्रंथसंग्राहकास तर समाजात प्रतिष्ठाच असते. परंतु महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवणारा, पन्नाशी उलटलेला गृहस्थ रविवारी सकाळी पाठीला पिशवी लावून खाणीवर जातो आणि दुपारी धुळीने माखून चार दगडांनिशी परत येतो, ह्याचे समर्थन कसे करावे हे आमच्या सौभाग्यवतीस वीस वर्षांत साधलेले नाही. शेजारच्या बायकांनी विचारलेच, तर "ह्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे" असे उत्तर देऊन ती मोकळी होते.

वास्तविक पुण्यात राहणाऱ्यास हा छंद जडावा ह्यात नवल काहीच नाही. आपला दख्खनचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना त्यात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट इत्यादी खनिजांचे असे काही सुंदर स्फटिक वाढले, की देशोदेशींच्या संग्रहालयांनी ते काचेच्या कपाटांत मानाने मांडले आहेत. वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांस ठाऊक आहे. परंतु परसात उगवते त्याची किंमत न वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. आम्हांस वेड लागले ते अशा खनिजाचे, की जे ह्या काळ्या कातळात जन्मभर शोधले तरी सापडावयाचे नाही.

त्या खनिजाचे नाव स्पॉड्युमीन. ह्या नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जळून राख झालेला' असा आहे, आणि सामान्य स्पॉड्युमीन दिसावयास असतोही तसाच, म्हणजे राखाडी आणि निस्तेज. त्याचे वर्णन प्रथम १८०० साली जोझे बोनिफासिओ ह्या विद्वानाने स्वीडनमधील उटो बेटावरील नमुन्यांवरून केले. हाच गृहस्थ पुढे आपल्या मायदेशी परतला आणि १८२२ साली ब्राझील स्वतंत्र झाला तेव्हा त्या घडामोडींचा एक प्रमुख सूत्रधार ठरला. दगड तपासणारी माणसे व्यवहारास निरुपयोगी असतात असे आमच्या घरी कोणी म्हटले, की आम्ही हे उदाहरण पुढे करतो. त्याच बेटावरील पेटॅलाइट नावाच्या दुसऱ्या खनिजात १८१७ साली आर्फवेडसन ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञास एक नवे मूलद्रव्य सापडले. थोड्याच अवधीत ते स्पॉड्युमीनमध्येही असल्याचे त्याने दाखवले. दगडात सापडले म्हणून दगड ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लिथियम पडले.

आज ह्या लिथियमवाचून कोणाचे पान हलत नाही. ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेस येथील खाणीतून स्पॉड्युमीन प्रचंड प्रमाणात निघतो. तो सुमारे अकराशे अंशांपर्यंत तापवला म्हणजे फुगतो, ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो आणि मग आम्लाच्या साहाय्याने त्यातून लिथियम काढतात. जळून राख होण्याचे त्याचे नशीब असे नावाप्रमाणे खरे ठरले म्हणावयाचे! आपल्या खिशातील भ्रमणध्वनी आणि रस्त्यावरच्या विजेच्या मोटारी त्यावरच चालतात. आपल्याकडेही कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील मार्लगल्ला येथे लिथियमचा लहानसा साठा असल्याचे २०२१ साली जाहीर झाले.

परंतु आमचे वेड ह्या टनांनी मोजल्या जाणाऱ्या मालाचे नव्हे. पृथ्वीच्या पोटात ग्रॅनाइटचा रस थंड होत आला म्हणजे शेवटी उरलेल्या पातळ, पाणीदार रसात लिथियमसारखी दुर्मिळ द्रव्ये एकवटतात. त्यापासून जो भरड खडक बनतो त्यास पेग्मटाइट म्हणतात. स्पॉड्युमीन वाढतो तो अशा खडकात, आणि कधी कधी असा वाढतो की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. अमेरिकेत दक्षिण डाकोटातील एटा खाणीत सुमारे सत्तेचाळीस फूट लांबीचा स्फटिक सापडला होता. मात्र इतका अवाढव्य स्फटिक रत्न म्हणून कवडीमोलाचा असतो. रत्न होते ते क्वचित एखाद्या पोकळीत निवांतपणे वाढलेल्या पारदर्शक स्फटिकाचे. त्यात क्रोमियमचा अंश असला तर तो हिरवा होतो. एडिसनने प्लॅटिनम शोधावयास पाठवलेल्या विल्यम हिडन ह्यास प्लॅटिनमऐवजी उत्तर कॅरोलायनात हे हिरवे स्फटिक लाभले, आणि १८८१ साली त्यांस त्याच्या नावावरून हिडनाइट हे नाव मिळाले. मँगॅनीजचा अंश असला तर तो जांभळट गुलाबी होतो. १९०२ साली कॅलिफोर्नियातील पाला गावाजवळ असे स्फटिक सापडले. न्यूयॉर्कच्या टिफनी ह्या प्रसिद्ध जवाहिऱ्यांचे रत्नपारखी जॉर्ज कुंझ ह्यांनी ते ओळखले, आणि दुसऱ्याच वर्षी चार्ल्स बास्करव्हिल ह्या रसायनशास्त्रज्ञाने त्यांस कुंझाइट असे नाव दिले.

असा एक कुंझाइट आमच्या घरी आहे, आणि हा सारा प्रपंच त्याच्याचविषयी सांगण्यासाठी मांडला आहे.

तो आम्ही जयपुरास एका व्यापाऱ्याकडून घेतला. अफगाणिस्तानातील नूरिस्तानच्या डोंगरांतला म्हणून त्याने तो दिला. १९७० नंतर त्या दुर्गम भागातून उत्तम कुंझाइट बाहेर येऊ लागला. तेथे माणसे उंच कड्यांवर सुरुंग लावून हातांनी तो काढतात आणि पायवाटांनी खाली आणतात. सुरुंगाच्या एका दणक्याने पोकळीतल्या स्फटिकांचे तुकडे होतात, कारण ह्या खनिजाचा स्वभाव विलक्षण आहे. त्याचा कठीणपणा गारगोटीच्या जवळपास. परंतु दोन दिशांनी तो लाकडाप्रमाणे सरळ फाटतो. ओरखडा सहज उठावयाचा नाही, पण एका बेसावध धक्क्याने दोन तुकडे होतील. जे सुरुंगातून आणि डोंगरवाटेतून अखंड राहिले ते आमच्या हाती यावे, ह्यास आम्ही पूर्वपुण्याई मानली. किमतीविषयी इतकेच सांगतो, की स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा नवा ओटा घालावा म्हणून सौभाग्यवतीने जी रक्कम बाजूला ठेवली होती, ती सर्व त्यात गेली. "ओटा ग्रॅनाइटचाच हवा होता ना? हे ग्रॅनाइटचे सार आहे" असा कोटिक्रम आम्ही केला. ती हसली नाही. परंतु ओट्याचा विषयही तिने पुन्हा काढला नाही.

स्फटिक आमच्या मधल्या बोटाएवढा लांब आणि दोन बोटे रुंद, चपटा होता. अंगावर उभ्या बारीक रेघा आणि भिंगातून पाहिले असता त्रिकोणी खाचांची नक्षी. आडवा धरला तर तो फिका दिसे; परंतु टोकाकडून लांबीच्या दिशेने आत पाहिले, म्हणजे ताम्हणाच्या ताज्या फुलाचा रंग डोळ्यांत भरे. कुंझाइटचा हा गुण प्रसिद्ध आहे. एका दिशेने पाहणारास त्याचा खरा रंग कळतच नाही. म्हणून पैलू पाडणारे कारागीर दगड असा बसवतात की पाहणाराची नजर त्याच्या लांबीतून आत जावी.

तो घरी आला त्याच आठवड्यात आमची एकुलती एक मुलगी उच्च शिक्षणासाठी कॅनडास निघाली होती. निघण्याच्या आदल्या रात्री, सामानाची बांधाबांध आटोपल्यावर, तिने तो आईच्या तळहातावर ठेवला आणि दिव्याखाली त्याचे एक छायाचित्र काढून घेतले. "बाबा, हा आतून पेटल्यासारखा दिसतो," इतकेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

कुंझाइटचा रंग उन्हात उडतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. प्रत्येक ग्रंथात ते छापलेले आहे. म्हणूनच तो दागिन्यात घालणाराने संध्याकाळीच वापरावा असा संकेत आहे. संग्राहकांनी तो कापसात गुंडाळून बंद खणात ठेवावा हे तर ह्या छंदाचे बाळबोध मानले पाहिजे. परंतु ज्यासाठी ओटा गेला ती वस्तू खणात ठेवून देण्याइतके वैराग्य आमच्या अंगी नव्हते. आल्यागेल्याने पाहावे, विचारावे, आणि आम्ही बोनिफासिओपासून कुंझपर्यंतची कथा सांगावी, हा आमचा खरा आनंद. म्हणून चार दिवसांपुरता तो दिवाणखान्यातील पश्चिमेच्या खिडकीजवळ पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, आणि त्या चार दिवसांची तीन वर्षे झाली.

आता ह्यात आमची तर्कशुद्ध चूक कोठे झाली ते सांगतो. मधल्या काळात आम्ही दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून एक हिरवा स्फटिक हिडनाइट म्हणून घेतला आणि शेजारीच ठेवला. आठवड्याच्या आत तो हिरव्याचा पांढुरका आणि मग किंचित गुलाबी झाला. क्रोमियमचा खरा हिरवा रंग असा उडत नाही. हा रंग बहुधा किरणांचा मारा करून चढवलेला असावा. खाणीतून नुकते निघालेले काही स्फटिक निसर्गतःही हिरवट अथवा निळसर असून उजेडात गुलाबी होतात हे खरे. पण ते कसेही असले तरी तो हिडनाइट नव्हता. "रंग बदलणारी माणसे पाहिली होती, दगड आजच पाहिला," असे सौभाग्यवती म्हणाली आणि घरात हशा पिकला. आम्ही मात्र त्यावरून एक सिद्धान्त काढला. रंग उडतो तेव्हा तो असा दिसतो. आमचा कुंझाइट आम्ही रोज सकाळी चहाच्या वेळी पाहतो आणि तो कालच्यासारखाच असतो. तेव्हा तो न उडणाऱ्या जातीचा असला पाहिजे. आज आज आहे आणि काल काल होता, ह्या दोहोंत फरक दिसत नाही म्हणून तीन वर्षांतही फरक पडला नसेल, हे अनुमान विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आढळले असते तर आम्ही त्याखाली लाल रेघ ओढली असती.

त्याच काळातील आणखी एक प्रसंग सांगावयास आम्हांस लाज वाटते. पण सांगितलाच पाहिजे. एकदा पाहुण्यांना दाखवण्यासाठी सौभाग्यवतीने स्फटिक उचलला तेव्हा तिची बोटे थरथरत होती. आम्ही झटकन उठून तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पाहुण्यांस ह्या खनिजाच्या सरळ फाटण्याच्या गुणधर्मावर पाच मिनिटे व्याख्यान दिले. हात का थरथरतो हा प्रश्न आमच्या मनास शिवलाही नाही. ती रात्री पंखा वाढवावयास सांगे. आम्ही पुण्याची हवा पूर्वीची राहिली नाही म्हणून हळहळत असू. जिना चढून आली की ती दम खात बसे. आम्हांस वाटे, वय झाले.

दर रविवारी भ्रमणध्वनीवर मुलीशी बोलणे होई. त्याच लिथियमच्या कृपेने तिचा चेहराही दिसे. परंतु तिची आई तो फोन असा धरी की पलीकडे दिसावे ते कपाळ आणि छतावरचा पंखा. त्यामुळे मुलीलाही काही कळावयास मार्ग नव्हता.

तीन वर्षांनी ती घरी आली. बॅगा खाली ठेवून हातपाय धुतले, आईने चहा टाकला, आणि ती सहज कपाटापाशी गेली. स्फटिक उचलून तिने टोकाकडून आत पाहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाली,

"बाबा, हा तो नव्हे."

आम्ही हसलो. तोच आहे, रोज आमच्या डोळ्यांसमोर आहे, असे सांगितले. ती वाद घालत बसली नाही. तिने आपल्या फोनातील ते जुने छायाचित्र काढून आमच्यापुढे धरले. त्यातील स्फटिक ताम्हणाच्या फुलासारखा होता; आमच्या हातातला पाण्यात चार थेंब सरबत पडावे तसा. लांबीच्या दिशेने पाहिले तरी आत काही पेटत नव्हते. आम्ही त्या दोन रंगांकडे आळीपाळीने पाहत राहिलो.

तेवढ्यात सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन आली. मुलीच्या हातात छायाचित्र तसेच होते. आम्ही त्यात स्फटिक पाहत होतो. ती आता स्फटिकाखालचा हात पाहत होती. छायाचित्रातील मनगट भरलेले होते आणि हिरव्या बांगड्या त्यावर घट्ट बसल्या होत्या. समोर ट्रे धरलेल्या हातावरच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या, आणि कपबश्या किणकिणत होत्या.

मुलीने ट्रे आईच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि तिचे मनगट आपल्या हातात धरले. "आई, तुझे वजन किती उतरले आहे!" ती म्हणाली, आणि मग आमच्याकडे पाहून, अगदी हळू आवाजात, "बाबा, तुम्हांला दिसले नाही?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. भिंगातून त्रिकोणी खाचा मोजणाऱ्या आमच्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. कारण आम्ही रोज पाहत होतो, आणि आजची ती कालच्यासारखीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत गळ्यातील थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत असल्याचे निष्पन्न झाले. हाताचा कंप, उकाडा, धाप, उतरलेले वजन, सर्वांचे मूळ ते एकच होते. "आणखी उशीर झाला असता तर हृदयास त्रास झाला असता," असे डॉक्टर म्हणाले, आणि हे केव्हापासून आहे असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही सौभाग्यवतीकडे पाहिले. "दीडएक वर्ष झाले असेल," ती म्हणाली. "सांगितले का नाहीस?" असे आम्ही वाटेत विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, रोज थोडे थोडे. त्यात सांगायचे काय?" उपचार वर्षभर चालले. मुलीने आपले परत जाणे दोन महिने लांबवले. आज ईश्वरकृपेने बांगड्या पुन्हा मनगटाला बसतात, आणि कपबश्या वाजत नाहीत.

स्फटिकालाही त्याचा रंग परत आणता येतो, असे आम्हांस एका जाणत्या संग्राहकाने सांगितले. योग्य किरणांच्या माऱ्याखाली ठेवला, की मँगॅनीज पूर्वस्थितीस येतो आणि कुंझाइट पुन्हा गुलाबी होतो. आम्ही तो विचार सोडून दिला. फिका आहे तोच आम्हांस हवा आहे. आमच्या साऱ्या संग्रहात काही शिकवणारा नमुना तो एकच आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनी १९६३ साली पत्नीस नाताळात देण्यासाठी कुंझाइटची एक अंगठी घेऊन ठेवली होती. नोव्हेंबरात त्यांची हत्या झाली आणि ती अंगठी त्यांच्या हातून दिली गेली नाही. ही कथा पूर्वी आम्ही पाहुण्यांस रत्नाची थोरवी म्हणून सांगत असू. आता ती सांगताना आवाज थोडा उतरतो. वेळ हाताशी आहे असे धरून चालण्याचा मोह थोरामोठ्यांसही सुटत नाही. मग आमच्यासारख्यांची कथा काय!

आता स्फटिक कापसात, लाकडी पेटीत, बंद खणात असतो. रोज संध्याकाळी दिवेलागण झाली, देवापुढे निरांजन लागले, म्हणजे आम्ही तो बाहेर काढतो आणि दोघे मिळून पाव घटका पाहतो. संध्याकाळच्या रत्नास ही वेळ शोभते. परंतु रोजच्या पाहण्यावर आमचा आता विश्वास उरलेला नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी, त्याच दिव्याखाली, तो सौभाग्यवतीच्या तळहातावर ठेवून आम्ही एक छायाचित्र काढतो आणि ते पूर्वीच्या छायाचित्रांशेजारी ठेवून नीट ताडून पाहतो.

"छायाचित्र दगडाचे काढता की माझे?" असे तिने परवा विचारले.

"दगडाचे," आम्ही सांगितले. ते खरे नाही हे तिला ठाऊक आहे. हात मात्र तिने मुळीच न हलवता धरला होता.